एवढंसं खरचटलं होतं, मग पाय इतका का कापला?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, चिपळूण तालुक्यातून लिहितो आहे. आई 57 वर्षांची, नऊ वर्षांपासून शुगर. लावणीच्या वेळी बांधावरच्या खुंटीने तिच्या डाव्या नडगीला खरचटलं. रविवार होता. सोमवारी दुपारी ताप आला, पाय लालसर झाला. गावातल्या डॉक्टरांनी लेप्टोच्या, म्हणजे पावसाळ्यात चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं. त्या रात्री आई अक्षरशः ओरडत होती. पायावर फार काही दिसत नव्हतं, म्हणून मी म्हणालो, 'आई, जरा सहन कर, पोर उठेल.' मंगळवारी दुपारी ती म्हणाली, आता तेवढं दुखत नाही, पाय बधिर झालाय. आम्हाला हायसं वाटलं. रात्री पायावर जांभळे फोड आले आणि ती बरळायला लागली. बुधवारी पहाटे तालुक्याला नेलं, तिथून 108 ने मोठ्या रुग्णालयात. पोहोचल्यावर चार तासांत ऑपरेशन झालं. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंतची कातडी काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं, मग तिसऱ्यांदा. दोनदा डायलिसिस झालं. आज 23 वा दिवस. आई वाचली, पाय शाबूत आहे, पण पोटरीवर उघडं मांस दिसतं. पुढच्या आठवड्यात कातडी लावणार आहेत.

मामा सगळ्यांना सांगत फिरतात की साधं धावरं होतं, लेपाने बसलं असतं, रुग्णालयातल्या शिकाऊ पोरांनी उगाच पाय सोलला. मामीने पू होईल म्हणून डाळ, भात, अंडी, दही सगळं बंद केलंय. आई भाकरी आणि भेंडीवर आहे. माझी चार वर्षांची मुलगी आजीजवळ जायला रडते, पण बायको सोडत नाही. आई विचारते, मी परत शेतात उतरेन का? आणि मला सोमवारची ती रात्र सोडत नाही. तेव्हाच नेलं असतं तर?

– एक मुलगा

उत्तर

बाकीचं सगळं नंतर. आधी आईच्या ताटात डाळ परत येऊ द्या.

पुढच्या आठवड्यात कातडी लावायची आहे. ती धरायची तर खालचं मांस लालबुंद, दाणेदार, ताजं असावं लागतं, आणि ते मांस शरीर प्रथिनांतून उभं करतं. एवढ्या मोठ्या उघड्या जखमेतून रोज जे पाणी पाझरतं, त्यातूनही प्रथिनं वाहून जातात. भाकरी आणि भेंडीवर ठेवलेलं शरीर ती आणणार कुठून? मामी हे काळजीपोटी करतात याबद्दल मला शंका नाही. हा समज घरोघरी आहे. माझ्या आजीचाही होता. पण पू म्हणजे जंतूंशी झुंजून मेलेल्या पांढऱ्या पेशी, मेलेले जंतू आणि मेलेलं मांस. तो डाळीतून येत नाही, भातातून येत नाही, दह्यातून तर नाहीच.

आईचं डायलिसिस झालेलं आहे, म्हणून प्रथिनं किती द्यायची हे आजच्या राऊंडला डॉक्टरांना किंवा रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना विचारा. मूत्रपिंडं सावरली असतील तर अशा जखमेच्या माणसाला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. आईचं वजन 55 किलो धरलं तर दिवसाला 70 ते 80 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास असतात, यावरून भेंडीच्या भाजीवर काय भागणार ते बघा. श्रावण पाळायचा असेल तर जरूर पाळा, पण मग वरण घट्ट हवं, मुगाची उसळ, दही, पनीर, दूध रोज हवं. 'खाल्लं तर शुगर वाढेल' असं कुणी म्हणालं तर शुगरसाठी इन्सुलिन वाढवता येतं. उपाशी ठेवून शुगर आटोक्यात आणायची ही वेळ नव्हे.

आता मामांकडे येतो.

'धावरं' हा शब्द मला फार नेमका वाटतो. धावतं ते धावरं. ज्यांनी तो घडवला त्यांनी लाली पायावर चढताना डोळ्यांनी पाहिली होती. पण या एका शब्दाखाली आपल्याकडे दोन वेगळे आजार येतात आणि मामांची चूक तिथे होते. पहिला आजार कातडीत आणि तिच्या लगेच खालच्या चरबीत धावतो. त्याला आम्ही इरिसिपेलस किंवा सेल्युलायटिस म्हणतो. पाय लाल, गरम, सुजलेला, ताप, चालताना दुखणं. योग्य अँटिबायोटिक दिलं, पाय उशीवर उंच ठेवला की दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो. त्यातले हलके तर शरीर स्वतःच परतवतं, आणि त्या आठवड्यात लेप लावलेला असेल तर श्रेय लेपाला जातं. मामांनी लेपाने बरी झालेली माणसं पाहिली असणार. ते खोटं बोलत नाहीत.

आईला झाला तो दुसरा. घरी कोंबडी साफ करताना कातडी ओढली की मांसावरून एक पातळ, पांढरट, चकाकणारा पापुद्रा सुटतो, तो तुम्ही पाहिला असेल. आपल्याही कातडीखाली, चरबी आणि स्नायू यांच्यामध्ये असं वेष्टन असतं. त्याला फॅशिया म्हणतात. त्याला रक्तपुरवठा कमी, आणि एकदा जंतू त्या थरात शिरले की अडवणारी भिंत नाही. चटईखाली पाणी पसरावं तसे ते पसरतात; वरून चटई कोरडीच दिसते. जंतूंच्या विषाने त्या थरातून कातडीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्त गोठतं. मग वरची कातडी उपाशी मरते, आधी निस्तेज, मग जांभळी, मग काळी. म्हणजे कातडीवर जे दिसतं ती सगळ्यात शेवटी येणारी बातमी असते. या आजाराला नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणतात. हे नाव 1952 मध्ये विल्सन या डॉक्टरांनी दिलं, आजार मात्र फार जुना. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात असलेले डॉक्टर जोसेफ जोन्स यांनी अशा 2642 रुग्णांची नोंद करून ठेवली होती. त्यातले 46 टक्के दगावले. अँटिबायोटिक नव्हतं त्या काळातला हा आकडा आहे. आज अँटिबायोटिक, अतिदक्षता विभाग, डायलिसिस सगळं हाताशी असूनही शंभरातले वीस ते तीस जण जातात. आई यातून परत आली आहे हे मामांना सांगा, आणि आकड्यासकट सांगा.

मग अँटिबायोटिकवर का भागलं नाही, कापावंच का लागलं? औषध रक्तातून जातं. त्या थरातल्या रक्तवाहिन्याच बुजलेल्या असतील तर शिरेतून कितीही भारी इंजेक्शन दिलं तरी ते मेलेल्या भागापर्यंत पोहोचत नाही. मेलेलं मांस आत राहिलं की तेच जंतूंचं खाद्य, आणि तिथूनच विष रक्तात मिसळत राहतं. आईची मूत्रपिंडं त्यानेच थकली, ती बरळली तेही त्यानेच. म्हणून सर्जन बोट घालून बघतात. निरोगी पायात तो थर बोटाला दाद देत नाही. या आजारात बोट लोण्यात शिरावं तसं पुढे जातं, रक्त येत नाही, भांडी विसळलेल्या पाण्यासारखं करडं पाणी येतं. जिथपर्यंत बोट जातं तिथपर्यंत उघडावं लागतं, आणि जिथे ताजं रक्त दिसतं तिथे थांबायचं. वरून चांगली दिसणारी कातडीही म्हणूनच काढावी लागते. नातेवाइकांना 'पाय सोललाय' असं वाटतं ते इथेच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा नेलं ते पहिलं ऑपरेशन फसलं म्हणून नव्हे. पहिल्या दिवशी जे मांस जगेल की मरेल हे सांगता येत नाही, ते सर्जन राखून ठेवतात आणि साधारण 24 तासांनी परत बघतात. तीन वेळा नेलं याचा अर्थ कुणीतरी आईच्या पायाचा प्रत्येक वाचवता येण्यासारखा तुकडा वाचवायला धडपडत होतं. एकदाच कापून मोकळं व्हायचं असतं तर गुडघ्यावरून पाय काढणं सोपं होतं. काही रुग्णांत तेही करावं लागतं आणि तोही निर्णय जीव वाचवायचाच असतो. ज्या 'शिकाऊ पोरां'वर मामा चिडले आहेत, ती निवासी डॉक्टर मंडळी असणार. पोहोचल्यापासून चार तासांत रुग्ण टेबलावर घेणं ही मोठ्या शहरातल्या महागड्या रुग्णालयांनाही दरवेळी न जमणारी गोष्ट आहे.

सोबत जी औषधं चालली त्यात बहुधा क्लिंडामायसिन हे एक होतं. नेहमीच्या अँटिबायोटिकच्या जोडीला ते देतात, कारण ते जंतूंना विष बनवूच देत नाही; जंतू मरायला वेळ लागला तरी विषाचा कारखाना आधी बंद पडतो.

आता सोमवारची रात्र.

तुम्ही लिहिलंत, 'पायावर फार काही दिसत नव्हतं.' आणि त्याच ओळीत, आई ओरडत होती. मी 31 वर्षं सर्जरी केली. या आजाराचं सगळ्यात पहिलं, आणि बऱ्याचदा एकमेव, लक्षण हेच असतं: डोळ्यांना दिसतं त्याच्या मानाने दुखणं फार जास्त. आत नस जळत असते आणि वर कातडी शांत असते. घरच्यांना वाटतं, माणूस हळवं आहे. डॉक्टरांनाही वाटतं. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत तर फार लवकर वाटतं, आणि ज्या बाईने आयुष्यभर कमरेत वाकून लावणी केली ती बाई ओरडते आहे याचा अर्थ काय, हा विचार कुणाच्या मनात येत नाही.

मंगळवारी दुपारी दुखणं कमी झालं, ते नस मेल्यामुळे. पाय बधिर झालाय हे आईने स्वतः सांगितलं होतं. ताप आहे, सूज वाढते आहे आणि दुखणं मात्र अचानक थांबलंय, तर तो उतार नसतो. ही गोष्ट तुम्हाला कुणी कधी सांगितली नव्हती, मग ती तुम्हाला कळणार कशी?

एक नोंद तुमच्यासमोर ठेवतो. सिंगापूरच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये या आजाराचे 89 रुग्ण तपासून लिहिलं. 89 पैकी फक्त 13 जणांचं निदान दाखल होताना बरोबर झालं होतं. रुग्णालय, तपासण्या, शिकलेसवरलेले डॉक्टर सगळं असून 76 जणांत ते पहिल्या भेटीला ओळखू आलं नाही. त्याच अभ्यासात हेही दिसलं की ऑपरेशनला 24 तासांहून जास्त उशीर झाला की मृत्यूचा धोका कित्येक पटींनी वाढतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी तुम्हाला त्यातली एकच सांगून बरं वाटू देणार नाही. सोमवारी रात्री नेलं असतं तर कदाचित कमी कातडी गेली असती, डायलिसिस टळलं असतं. कदाचित सोमवारी रात्री एखाद्या तरुण डॉक्टरने 'साधं सेल्युलायटिस आहे' म्हणून गोळ्या देऊन परतही पाठवलं असतं.

हे मी पाठवणाऱ्याच्या बाजूने सांगू शकतो. नवखा असताना एका रात्री खांदा दुखतो म्हणून आलेल्या गवंडीकाम करणाऱ्या तरुणाला मी तपासलं होतं. कातडीवर काही नव्हतं, ताप थोडा. स्नायू आखडलाय असं समजून दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि घरी जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला तेव्हा छातीपर्यंत जांभळं झालं होतं. तो गेला. त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, 'काल एवढा का ओरडत होता हो?' तेव्हापासून माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत आलो की दुखणं मोठं आणि दिसणं लहान असेल तर रुग्ण घरी जाणार नाही.

गावातल्या डॉक्टरांवरही फार रागावू नका. लावणीच्या दिवसांत कोकणात ताप आणि पोटरीत दुखणं म्हटलं की लेप्टो आठवणं बरोबरच आहे. त्या गोळ्यांनी दरवर्षी माणसं वाचतात. फरक एवढाच की लेप्टोत अंग सगळं दुखतं, दोन्ही पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. एकच पाय, तोही खरचटलेला, आणि तिथेच असह्य कळ, हे लेप्टोचं चित्र नव्हे. दुखण्याच्या इंजेक्शनामुळे आजार झाला का, असं तुमच्या मनात येईल म्हणून सांगतो: अशी औषधं घेतलेल्यांमध्ये हा आजार जास्त गंभीर दिसल्याच्या नोंदी आहेत, पण औषधानेच तो होतो असं सिद्ध झालेलं नाही. ती ताप आणि कळ झाकतात आणि त्यात मोलाचे तास जातात, हे मात्र नक्की. पायाचं कारण कळेपर्यंत पॅरासिटॅमॉल बरं.

पुढे घरात किंवा शेजारी कुणाचा पाय असा लाल झाला तर बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. दोन तासांनी रेघेबाहेर गेलेली दिसली, किंवा सूज लालीच्याही पलीकडे कडक लागली, किंवा फोड आले, किंवा हाताखाली कातडी कुरकुरली, किंवा नुसतंच दुखणं सहन होईना, तर रात्र काढू नका. 108 बोलवा आणि जिथे सर्जन आणि ऑपरेशन थिएटर आहे तिथेच जा. तिथे गेल्यावर 'शुगर आहे' आणि 'दिसतं त्यापेक्षा खूप जास्त दुखतंय' ही दोन वाक्यं मोठ्याने सांगा. रक्ताच्या तपासण्या होतील. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी), पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन, शुगर या सहांवरून गुण काढायची एक पद्धत 2004 मध्ये सिंगापूरहूनच आली. गुण सहा किंवा जास्त आले तर संशय बळावतो. पण गुण कमी आले म्हणून आजार नाही असं ठरत नाही. एक्स-रे, सीटी यांचंही तेच. शंका मोठी असेल तर शेवटी छोटी चीर घेऊन आत बघणं हाच निकाल.

आईलाच का झालं? तिने काही वाईट केलं म्हणून नाही. वाढलेल्या शुगरमध्ये पांढऱ्या पेशी मंदावतात, पायाच्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, पावलांची जाणीव बोथट होते. सिंगापूरच्या त्या 89 जणांतही 63 जणांना मधुमेह होता. त्यात शेतातला चिखल, शेण, आठवडाभर ओले राहिलेले पाय. तुम्ही लिहिलेलं नाही, पण आईच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या होत्या का ते आठवून बघा. चिखल्या आणि टाचेच्या भेगा हे जंतूंचे कायमचे उघडे दरवाजे असतात, खुंटीने केलेला एखादाच. दारूने किंवा इतर कारणाने यकृत खराब झालेले, मूत्रपिंडाचे रुग्ण, बरेच महिने स्टेरॉइड घेणारे, कॅन्सरचे उपचार चाललेले, फार वजन असलेले, कांजिण्या आलेली मुलं, यांनाही धोका जास्त. आणि अगदी धडधाकट माणसालाही कधीकधी स्ट्रेप्टोकोकस हा एकटा जंतू असं आडवं करतो. खाडीत काम करणाऱ्या आणि यकृत खराब असलेल्या माणसाला कुर्ली किंवा माशाचा काटा लागून पाय फुगला तर तेही याच घाईचं काम समजा; खाऱ्या, कोमट पाण्यात वाढणारा व्हिब्रिओ नावाचा जंतू काही तासांत पसरतो.

आईच्या शुगरच्या गोळ्यांत 'ग्लिफ्लोझिन'ने संपणारं नाव आहे का बघा. या गोळ्या लघवीवाटे साखर काढतात, हृदयाला आणि मूत्रपिंडाला चांगल्या आहेत, लाखो लोक घेतात. क्वचित कुणाला गुप्तांगाच्या भागात हाच आजार झाल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये त्याबद्दल इशारा दिला. तिथे झाला की त्याला फोर्निए गँगरीन म्हणतात, 1883 मध्ये पॅरिसच्या फोर्निए यांनी वर्णन केलं म्हणून. गोळी मनाने बंद करू नका. ऑपरेशनच्या आधी मात्र ती डॉक्टरांना दाखवाच, आणि त्या जागी दुखायला, सुजायला लागलं तर लाजेपायी दोन दिवस काढू नका.

मुलीला आजीला भेटू द्या. आता 23 वा दिवस आहे, अँटिबायोटिक झालेली आहेत, जखम झाकलेली आहे. हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाणं अगदीच विरळा. रुग्णालयाच्या वॉर्डात लहान मुलं नेऊ नयेत ते वेगळ्या कारणांसाठी. पण आई घरी आली की मुलीने हात धुवावेत, ड्रेसिंगला हात लावू नये आणि खुशाल कुशीत शिरावं. ड्रेसिंग करणाऱ्याने साबणाने हात धुणं दोन्ही वेळा, आधी आणि नंतर. घरात कुणाला ताप आणि घसा दुखणं किंवा पिकलेला फोड झाला तर डॉक्टरांना दाखवताना आईचा आजार सांगा. बायकोला हे पत्र वाचायला द्या.

कातडी मांडीवरून पातळ थर काढून लावतील. पहिले पाच दिवस पाय हलू द्यायचा नाही. तेवढ्यात ती खालच्या मांसाला धरते. थोडा भाग धरला नाही तर घाबरू नका, तेवढा पुन्हा भरता येतो. आईला मांडीची जागा पायापेक्षा जास्त झोंबेल, ती साधारण दोन आठवड्यांत भरते. नंतर त्या कातडीला घाम येत नाही, तेल सुटत नाही. सर्जन सांगतील तेव्हापासून साधं खोबरेल रोज, हलक्या हाताने, नाहीतर ती तडकते. उन्हापासून जपायचं. खाज सुटेल, नखं कापून ठेवा. त्याआधी जखमेवर घरचं काहीही नको, हळद नको, कुठला पाला नको, कुणी कितीही मायेने आणून दिला तरी.

चालण्याचं म्हणाल तर मला आशा आहे, कारण स्नायू राखलेले दिसतात. धोका वेगळाच असतो: महिनाभर खाटेवर पाऊल खाली लोंबकळून घोटा आखडतो आणि टाच टेकेनाशी होते. फिजिओथेरपिस्टना आजच विचारा की पाऊल काटकोनात धरून ठेवणारी पट्टी लावायची का, आणि कातडी धरल्यावर व्यायाम कुठल्या दिवसापासून. पाय बराच काळ सुजत राहील, कारण लसीका, म्हणजे मांसात साठणारं पाणी, वाहून नेणाऱ्या नळ्याही कापल्या गेल्या आहेत. सर्जन सांगतील तसा दाबपट्टा घालावा लागेल. खर्चासाठी वॉर्डातल्या आरोग्यमित्रांना गाठा आणि पुढचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते कातडी लावायच्या आधी विचारा, नंतर नाही.

एक गोष्ट कुणी बोलत नाही. अतिदक्षता विभागातून परतलेली माणसं रात्री दचकून उठतात, ड्रेसिंगची वेळ आली की थरथरतात, विनाकारण रडतात. आईचं तसं झालं तर 'आता तर बरी झालीस ना' असं म्हणू नका. आणि सोमवारी जे बोललात ते आईला एकदा सांगून टाका. तिला ते आठवतही नसेल, किंवा आठवत असेल. दोन्ही परिस्थितीत तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं.

पुढच्या वर्षी ती शेतात उतरू शकेल का? पाय सगळा भरला असेल, तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) सातच्या आसपास आणलेली असेल आणि सर्जन हो म्हणतील तर माझी हरकत नाही, पण अनवाणी नाही आणि दिवसभर नाही. संध्याकाळी गोड्या पाण्याने पाय धुवायचे, बेचकं जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने कोरडं करायचं, चिखल्यांना डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं, तळवे आरशात किंवा नातीकडून बघून घ्यायचे. गुडघ्यापर्यंतचे गमबूट लागतील. ते आत्ता घेऊ नका, पाऊल अजून सुजलेलं आहे, माप चुकेल. दिवाळीनंतर आईला सोबत घेऊन जा.